लग्न भारतात, घटस्फोट फ्रान्समध्ये: वाचकांचे प्रश्न

फ्रान्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांची या वेळी घटस्फोट, मुलं आणि पोटगी यावरच इतकी पत्रं आली की अख्खा भाग त्यालाच देतेय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली, ती आधीच सांगते. आपली माणसं मुलांचा प्रश्न पैशात आणि पैशांचा प्रश्न मुलांत गुंतवतात. इथला न्यायाधीश हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच फाइलमध्ये बघतो, पण एकमेकांच्या बदल्यात कधीच बघत नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न: ताई, आमचं लग्न नाशिकला झालं, दोघंही भारतीय पासपोर्टवर, आठ वर्षं ल्योनमध्ये आहोत, एक मुलगा आहे. नवरा म्हणतो लग्न हिंदू पद्धतीने झालंय, इथल्या कोर्टाला काही अधिकार नाही. आणि करायचंच असेल तर नोटरीकडे सह्या करून पंधरा दिवसांत मोकळं होऊ. खरं काय?

उत्तर: पहिलं साफ चूक आहे, दुसरं अर्धवट. पासपोर्ट कुठला आणि सप्तपदी कुठे झाली हे कोर्ट बघत नाही, नवराबायको नेहमी राहतात कुठे ते बघतं. ब्रुसेल्स दोन तेर नावाचा युरोपीय नियम १ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे, त्यानुसार तुमचं प्रकरण इथला कौटुंबिक न्यायाधीश, ज्याला सगळे जाफ म्हणतात, तो चालवू शकतो. आणि कायदा कुठला लागणार ते रोम तीन नावाच्या नियमावर ठरतं, तुम्ही दोघांनी मिळून भारतीय कायदा लेखी निवडला नसेल तर फ्रेंचच लागतो.

आता नोटरीचं. २०१७ पासून परस्पर संमतीचा घटस्फोट इथे न्यायाधीशाशिवाय होतो हे खरं आहे, पण दोघांना वेगवेगळा वकील लागतो, एकच वकील दोघांचा चालत नाही. कराराचा मसुदा रजिस्टर्ड पोस्टाने प्रत्येकाच्या हातात पडल्यावर १५ दिवस सहीच करता येत नाही, तो विचार करायचा वेळ. सहीनंतर ७ दिवसांत कागद नोतेरकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, जातात आणि त्याला तपासून नोंदवायला आणखी १५ दिवस असतात. म्हणजे नवरा जे पंधरा दिवस म्हणतोय ते नुसते थांबायचे दिवस आहेत, त्याच्या आधी घर, पैसे, मुलगा कोणाकडे हे सगळं ठरायला महिने जातात. शिवाय मुलगा समजण्याइतका मोठा असेल तर त्याला सांगावं लागतं की तुला न्यायाधीशाशी बोलायचा हक्क आहे. तो म्हणाला बोलायचंय, की हा मार्ग बंद, प्रकरण कोर्टात.

पण तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. हा कागद भारतात चालेल का? भारतीय कायदा परदेशी न्यायालयाच्या निकालाला मान्यता देतो, आणि नोतेरकडे नोंदवलेला करार हा निकाल नसतो. त्यात हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांसाठी सुप्रीम कोर्टाने १९९१ साली नरसिंह राव प्रकरणात कडक नियम घालून दिलेत. परदेशी निकाल भारतात मानायचा तर समोरच्याने त्या कोर्टात स्वेच्छेने येऊन भाग घेतलेला असावा किंवा त्याची घटस्फोटाला संमती असावी, असे त्यातले मोजके अपवाद आहेत. उद्या तुम्हाला पुन्हा लग्न करायचं झालं, किंवा भारतातल्या बँकेत, सातबारावर नाव बदलायचं झालं, तर कागद निकालाचाच हवा. म्हणून दोघं तयार असाल तर माझं मत असं की न्यायाधीशासमोरचा ‘आक्सेप्ते’ प्रकार घ्या. त्यात लग्न मोडायचं हे दोघांनी मान्य केलेलं असतं, कोणाचा दोष ते कोणी विचारत नाही, आणि तुमची संमती निकालात लिहिली जाते. मात्र एकदा दिलेली ही संमती मागे घेता येत नाही. निकालाला अपोस्तील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लावून, भाषांतर करून भारतातल्या वकिलाला दाखवा. काही जण भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्जही वेगळा करतात, तेही विचारून घ्या.

नवरा तयारच नसेल तर वर्षभर वेगळं राहिल्यावर एकतर्फी मागता येतो, पूर्वी दोन वर्षं लागायची, १ जानेवारी २०२१ पासून एक झालं. दोषाचा घटस्फोट अजून कायद्यात आहे, पण त्यात पैसा आणि मनस्ताप भरपूर जातो आणि वाटणीत फरक सहसा पडत नाही.

आणि लग्न नाशिकला झालंय म्हणजे हिंदू विवाह कायद्याप्रमाणे नवरा तिथेही केस टाकू शकतो. समन्स आलं तर कपाटात ठेवून देऊ नका, लगेच वकील धरा, एकतर्फी निकाल निस्तरायला पुढे फार जड जातं.

कागदांचं एक सांगते कारण इथेच आपल्या बायकांची फाइल अडते. फ्रेंच फाइलमध्ये सगळीकडे जन्मनाव लागतं. आपल्याकडे विवाह दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, आडनाव बदललेलं, आणि पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव सलग छापलेलं. इथल्या क्लार्कला ही दोन वेगळ्या बायकांची कागदपत्रं वाटतात. आत्ताच विवाह दाखला आणि जन्मदाखल्यावर भारतातून अपोस्तील करून घ्या, इथल्या कोर्टाने मान्य केलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करा, आणि सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

प्रश्न: मी तुलुझला असतो. बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन वेगळी राहायला गेली, कोर्टात अजून काहीच नाही. ती मुलीला भेटू देत नाही म्हणून मी पैसे पाठवणं बंद केलंय. मित्र म्हणतात बरोबर केलंस.

उत्तर: दादा, मित्रांचं ऐकू नका. राग समजतो, मुलगी दिसत नाही म्हणजे काय ते तुमच्या पत्रातून कळतंय. पण पैसे थांबवून मुलगी मिळत नाही, उलट उद्या न्यायाधीशासमोर तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाते.

इथे आईबाप वेगळे झाले तरी दोघांचा पालकत्वाचा अधिकार एकत्रच राहतो, ४ मार्च २००२ च्या कायद्याने ते पक्कं केलं. शाळा, ऑपरेशन, धर्म, हे मोठे निर्णय दोघांचे. ताबा आईला मिळाला, बाप फक्त पैसे भरणारा, असं इथे गणित नाही. मुलगी कोणाकडे राहणार एवढंच ठरतं, आणि ते पाळीपाळीने दोघांकडे, एक आठवडा इथे एक आठवडा तिथे, असंही ठरू शकतं. न्यायाधीश कशावर ठरवतो ते कायद्यात लिहिलेलं आहे. आधी घरात काय पद्धत होती, मुलीचं म्हणणं, दोघांची परिस्थिती, काही दबाव किंवा मारहाण झाली होती का, आणि दुसऱ्या पालकाचा हक्क मानायची प्रत्येकाची किती तयारी आहे. हे शेवटचं नीट वाचा. तुमची बायको भेटू देत नाही हे तिच्या विरोधात जातं, तुम्ही पैसे बंद केले की तुम्ही तिची बाजू सावरता.

आज तुमच्याकडे कोर्टाचा कागद नाही म्हणून दोघांचे हक्क सारखे आहेत आणि दोघांवरही गुन्हा होत नाही, पोलिसांत गेलात तर ते नोंद करून परत पाठवतील. कागद झाला की मात्र चित्र बदलतं. ठरलेल्या वेळी मूल न देणं हा गुन्हा आहे, १ वर्ष कैद आणि १५,००० युरो दंडापर्यंत. दोन महिन्यांहून जास्त पोटगी न भरणं हाही गुन्हा, २ वर्षं आणि १५,००० युरोपर्यंत. घर बदललं आणि महिन्याभरात दुसऱ्या पालकाला कळवलं नाही तर ६ महिने आणि ७,५०० युरोपर्यंत. आणि एक गुन्हा दुसऱ्याची सबब होत नाही, तिने मुलगी दिली नाही म्हणून मी भरलं नाही हे कोर्टात चालत नाही, उलटं पण चालत नाही.

म्हणून थांबू नका, घटस्फोटाची केस टाकायच्या आधीही फक्त मुलीपुरता अर्ज जाफकडे करता येतो, त्याला वकील सक्तीचा नाही. तोपर्यंत दर महिन्याला बँकेतून पैसे पाठवा, शेऱ्यात मुलीचं नाव आणि महिना लिहा. रोख देऊ नका, नातेवाइकांच्या हातून देऊ नका. मुलीला भेटायची विनंती मेसेजवर करा, शांत भाषेत, तारीख आणि वेळ घालून. ते मेसेज उद्या फाइलमध्ये जातात आणि न्यायाधीश ते खरंच वाचतो.

किती पाठवायचे विचारलंत. न्याय मंत्रालयाने २०१० मध्ये एक तक्ता काढला. तो बंधनकारक नाही, वरच्या कोर्टाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की नुसत्या तक्त्यावरून रक्कम ठरवायची नाही, त्या कुटुंबाची परिस्थिती बघायची. पण अंदाजाला चांगला आहे. तुमचा पगार हातात २,४०० युरो येतो असं धरा. त्यातून एका माणसाला जगायला म्हणून सरकारी किमान भत्त्याइतके साधारण ६५० बाजूला काढायचे. उरलेल्या १,७५० चे एका मुलासाठी १३.५ टक्के, म्हणजे २३६ युरोच्या आसपास, हे मूल आईकडे राहून एक आड एक शनिवार-रविवार आणि निम्म्या सुट्ट्या बापाकडे असेल तर. आठवडा-आठवडा असेल तर ९ टक्के. आणि मुलगी १८ ची झाली म्हणजे संपलं असं नाही, ती शिकत असेपर्यंत, स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत जबाबदारी राहते.

प्रश्न: निकालात पोटगी ठरलीय, पण तीन महिने झाले आलेली नाही. प्रत्येक वेळी फोन करून मागायची लाज वाटते.

उत्तर: मागूच नका, मागायचं काम सरकारी खात्याचं आहे. आरिपा म्हणून पोटगीची एक यंत्रणा आहे, काफ (कुटुंब भत्ते देणारं सरकारी खातं) आणि एमएसए (शेती क्षेत्रातल्यांसाठी तेच काम करणारं खातं) ती चालवतात. २०२३ पासून पोटगी ठरली की ती आपोआप यांच्यामार्फतच जाते, म्हणजे बाप काफला भरतो, काफ तुम्हाला देतं, तुमच्यात संवादच लागत नाही. दोघांनी मिळून नको म्हटलं असेल तरच हे टळतं. तुमचा निकाल जुना असेल किंवा तेव्हा नको म्हटलं असेल तरी आता एकटीने अर्ज करता येतो, निकालाची प्रत आणि बँकेचा तपशील जोडा. थकबाकी मागच्या २४ महिन्यांपर्यंतची वसूल करतात, पगारातून किंवा बँक खात्यातून. दरम्यान तुम्ही एकट्या राहत असाल तर काफ एएसएफ नावाचा कुटुंब आधार भत्ता देतं, एका मुलामागे महिन्याला २०० युरोच्या आसपास. पोटगी दरवर्षी महागाईच्या आकड्याप्रमाणे वाढते, निकालात तसं वाक्य असतं ते शोधा, बऱ्याच जणी वर्षानुवर्षं पहिल्याच आकड्यावर थांबतात. आणि ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरून कर भरावा लागतो, बापाला तेवढी वजावट मिळते, तेव्हा रिटर्न भरताना विसरू नका.

प्रश्न: २००८ मध्ये कोल्हापूरला लग्न झालं, तीन वर्षं तिथेच राहिलो, २०११ ला पॅरिसजवळ आलो. मी आल्यापासून घरीच, मुलं सांभाळली. फ्लॅट २०१६ मध्ये घेतला, एकट्या नवऱ्याच्या नावावर. आता तो म्हणतो तुझं यात काही नाही.

उत्तर: ताई, तुमचं उत्तर तारखांमध्ये आहे, म्हणून तारखा इतक्या नीट लिहिल्यात त्याबद्दल बरं वाटलं. १ सप्टेंबर १९९२ ते २८ जानेवारी २०१९ या काळात झालेल्या लग्नांना इथे १९७८ चा हेग करार लावतात. काहीच लिहून ठेवलं नसेल तर लग्नानंतर पहिलं घर ज्या देशात केलं तिथला कायदा, म्हणजे तुमच्या बाबतीत भारताचा. आणि भारतात नवराबायकोची सामाईक मालमत्ता अशी पद्धत नाही, ज्याच्या नावावर त्याचं. म्हणून २०१६ च्या फ्लॅटबद्दल नवरा बोलतोय ते निराधार नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण त्याच करारात असं आहे की एखाद्या देशात सलग दहा वर्षं राहिलं की तिथला कायदा आपोआप लागू होतो, कोणी सही केली नाही तरी. तुम्ही २०११ ला आलात, तर २०२१ पासून तुमच्यावर फ्रेंच पद्धत लागली. त्यात लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं निम्मं निम्मं, नाव कोणाचंही असो, फक्त वारशाने किंवा भेट म्हणून मिळालेलं ज्याचं त्याचं राहतं. हा बदल पुढच्या काळापुरता असतो, मागचं उलटत नाही. म्हणजे २०२१ नंतरचा त्याचा पगार, बचत, घेतलेली गाडी, शेअर हे सगळं सामाईक, आणि त्या सामाईक पगारातून फ्लॅटचे हप्ते भरले असतील तर त्याचाही हिशोब मागता येतो. २०२१ पासूनची सगळी बँक स्टेटमेंट आणि कर्जाचा तक्ता आत्ताच काढून ठेवा, वेगळं झाल्यावर पासवर्ड बदलतात. हे काम साध्या वकिलाचं नाही, आंतरराष्ट्रीय प्रकरणं करणारा नोतेर गाठा.

आणि नवऱ्याने सांगितलेलं नसेल असं अजून एक आहे, भरपाईची रक्कम, इथे तिला प्रेस्तासियों कॉम्पांसातुआर म्हणतात. मुलांच्या पोटगीशी तिचा संबंध नाही. लग्न मोडल्यामुळे दोघांच्या राहणीमानात जी दरी पडते ती भरून काढायला ही असते. लग्न किती वर्षं टिकलं, वय, तब्येत, शिक्षण, मुलांसाठी कोणी नोकरी सोडली, पुढे पेन्शन किती मिळणार, हे सगळं न्यायाधीश बघतो. तुम्ही इतकी वर्षं घरी राहून मुलं वाढवलीत, हे कायद्यात शब्दशः विचारात घ्यायचं कारण आहे, उपकार नाही. रक्कम सहसा एकरकमी ठरते, जमत नसेल तर जास्तीत जास्त ८ वर्षांत हप्त्याने. पण ती घटस्फोटाच्या केसमध्येच मागावी लागते. निकाल लागून गेल्यावर मागता येत नाही, एकदा संधी गेली की गेली. वकील स्वतःहून बोलला नाही तर तुम्ही विषय काढा. कोल्हापूरहून तुमची पदवीची प्रमाणपत्रं आणि लग्नाआधीच्या नोकरीचं पत्र मागवा, तुम्ही काय सोडून आलात ते कागदावर दिसलं पाहिजे.

प्रश्न: नवरा हात उचलतो. माझं इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड त्याच्यावर आहे, निघाले तर मला देशाबाहेर काढतील असं तो म्हणतो.

उत्तर: बाई, हे आधी वाचा. ३९१९ हा हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचा नंबर मोफत आहे, चोवीस तास, नाव सांगावं लागत नाही, बिलावर दिसत नाही. जीव धोक्यात असेल तर पोलिसांचा १७, बोलता येत नसेल तर ११४ वर मेसेज. जाफकडे संरक्षण आदेश मागता येतो, त्याला आधी पोलिसांत तक्रार केलेली असावी अशी अट नाही. न्यायाधीशाने तारीख लावली की सहा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. जून २०२४ च्या कायद्याने हा आदेश १२ महिन्यांपर्यंत चालतो, आणि फार धोका असेल तर चोवीस तासांत तात्पुरता आदेशही निघू शकतो. त्यात त्याला घराबाहेर काढणं, जवळ यायला बंदी, मुलं कोणाकडे, खर्च कोण देणार, सगळं येतं. आणि तुमच्या भीतीचं उत्तर म्हणजे संरक्षण आदेश मिळालेल्या परदेशी बाईला स्वतःच्या नावाचं कार्ड द्यायचं कायद्यात लिहिलेलं आहे, तिचं कार्ड नवऱ्यावर होतं की नव्हतं त्यावर ते अवलंबून नाही. डॉक्टरकडून जखमांचा दाखला घ्या, पासपोर्ट, कार्ड, मुलांचे दाखले यांचे फोटो विश्वासातल्या मैत्रिणीला पाठवा. सरकारी खर्चाने वकील मागता येतो. आजच फोन करा.

प्रश्न: मी साताऱ्याहून लिहितेय. मुलगा आणि सून पॅरिसला वेगळे झाले, नातू सात वर्षांचा. सून फोनवर बोलू देत नाही, आणि मुलगा सुट्टीत त्याला इकडे आणणार होता तर कोर्टाने देशाबाहेर न्यायला बंदी घातली म्हणे. आमचा काही हक्कच नाही का?

उत्तर: आजी, हक्क आहे, आणि तो नातवाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, नागरी संहितेच्या कलम ३७१-४ मध्ये. मुलाला आजीआजोबांशी नातं ठेवायचा अधिकार आहे आणि फक्त त्याच्या हितासाठीच तो अडवता येतो, सुनेचं तुमच्याशी पटत नाही हे कारण पुरत नाही. तुम्ही वकिलामार्फत जाफकडे जाऊ शकता आणि आठवड्याला व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ, सुट्टीत भेट, असं मागू शकता. पण त्याआधी कौटुंबिक मध्यस्थी करून बघा, त्यात आजीआजोबांनाही घेतात.

बंदीचं असं आहे की मूल परत न आणण्याच्या प्रकरणांसाठी १९८० चा हेग करार आहे, फ्रान्स त्यात आहे, भारत नाही. भारतातून मूल परत आलं नाही तर फ्रेंच कोर्टाचे हात बांधले जातात, म्हणून न्यायाधीश घाबरतात, त्यात तुमच्या घराबद्दल वाईट मत आहे असं समजू नका. बंदी म्हणजे दोघांच्या संमतीशिवाय नाही. सून तयार झाली तर तिने प्रवासाच्या किमान पाच दिवस आधी पोलिसांसमोर संमती नोंदवायची, मग नातू येऊ शकतो. मुलाने परतीचं तिकीट, शाळेच्या तारखा, साताऱ्याचा पत्ता हे सगळं आधी तिला लेखी द्यावं, आणि पोटगी एक दिवसही चुकवू नये, नाहीतर ती संमती कशाला देईल. आणि या सुट्टीत ते जमलं नाही तर तुम्हीच जा. तुमच्या राहण्याचा दाखला मुलाला त्याच्या मेरीतून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतून काढावा लागतो, तो हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, तेव्हा त्याला आत्ताच मेरीत वेळ घ्यायला सांगा.